ग्योटिंगन: बोलावून आणलेल्या आणि हाकलून दिलेल्या माणसांचं गाव

जर्मनीच्या साधारण मध्यावर, हानोफर आणि कासेल या दोन शहरांच्या दरम्यान, लाइन नदीकाठी ग्योटिंगन आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. जुन्या गावात चालायला लागलं की घरांच्या दर्शनी भिंतींवर छोट्या पाट्या दिसू लागतात. पाटीवर नाव, तो माणूस काय करत असे ते, आणि त्या घरात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत राहिला ते. स्तुती नाही, पुरस्कारांची जंत्री नाही. १८७४ पासून गाव अशा पाट्या लावतंय आणि आता त्या शेकड्यांनी आहेत.

नावं मात्र अशी की वाचणारा थबकावा. गणितातला गाउस, परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू, कवी हाइनरिश हाइने, जर्मनी एक करणारा बिस्मार्क, अणुबॉम्बवाला ओपेनहायमर. साहजिकच वाटतं, या गावच्या पाण्यातच काहीतरी असणार. पण यादी नीट पाहिली तर यातलं जवळजवळ कोणीच मूळचं तिथलं नाही. गाउस ब्राउनश्वाइगचा. ग्रिम बंधू हानाउचे. गणिती हिल्बर्ट पार तिकडे पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्गकडचा, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न ब्रेस्लाउचा, गणिती एमी नोएथर एर्लांगनची. यांना कोणीतरी, काहीतरी हिशेब करून, बोलावून आणलं होतं. आणि यातल्या बऱ्याच जणांना पुढे कोणीतरी कागदावर सही करून घालवूनही दिलं. ग्योटिंगनची थोर माणसं समजून घ्यायची तर जन्मतारखांपेक्षा आल्या-गेल्याच्या तारखा पाहाव्यात.

राजाचा हिशेब

अठराव्या शतकात हानोफरचा राज्यकर्ता आणि इंग्लंडचा राजा एकच होता, दुसरा जॉर्ज. राहायचा लंडनला. त्याच्या हानोफरमधल्या प्रजेला चांगलं शिकायचं तर शेजारच्या प्रशियातल्या हालं गावी जावं लागे; म्हणजे पैसाही बाहेर आणि हुशार पोरंही. म्हणून स्वतःचं विद्यापीठ काढायचं ठरलं. १७३७ साली त्याचं रीतसर उद्‌घाटन झालं. राजाचं नाव विद्यापीठाला मिळालं, पण खरं डोकं होतं मंत्री गेर्लाख आडोल्फ फोन म्युन्शहाउझनचं. (थापांसाठी जगप्रसिद्ध झालेला बॅरन म्युन्शहाउझन याच कुळातला.)

या मंत्र्याने दोन गोष्टी अशा केल्या की पुढची दोनशे वर्षं त्यांचं व्याज मिळत राहिलं. एक, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांचा सेन्सॉरचा अधिकार काढून घेतला. तेव्हाच्या बहुतेक विद्यापीठांत धर्मशास्त्र सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं असे. इतिहास असो की शरीरशास्त्र, त्यांना खटकलं की छपाई थांबली. इथे ते नाही. दुसरी गोष्ट ग्रंथालय. विद्वानांना भरपूर पगार देणारी राज्यं आणखीही होती, पण पुस्तकं ठरवून, दरवर्षी, सगळ्या भाषांतून विकत घेणारी आणि ती विद्यार्थ्यांच्या हातात देणारी संस्था युरोपात विरळा. क्रिस्टियान गोट्लोब हायन हा १७६३ पासून जवळपास पन्नास वर्षं तिथला ग्रंथपाल होता. त्याच्या काळात संग्रह दोन लाख खंडांच्या घरात गेला. अभ्यास करणाऱ्याला असं ग्रंथालय पगाराइतकंच ओढून घेतं.

आता जर्मन विद्यापीठांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिथे प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज-मुलाखत असा मामला नसे. विद्यापीठ नावं सुचवी, मंत्रालय त्यातल्या एकाला बोलावणं पाठवी, आणि मग बोलावलेला विद्वान घासाघीस करी: पगार किती, प्रयोगशाळा देणार का, मदतनीस किती. दुसऱ्या विद्यापीठाचं बोलावणं हातात असेल तर आपल्याच मंत्रालयाकडून आणखी काही उकळता येई. या चकचकीत प्राध्यापकवर्गाच्या खाली असत बिनपगारी व्याख्याते. त्यांना शिकवायचा परवाना असे, पगार नसे; वर्गात जितकी पोरं बसतील तितकी फी. ज्यांना आपण आज थोर म्हणतो त्यांतल्या कित्येकांनी या पायरीवर वर्षानुवर्षं काढली आहेत.

गाउस, डोंगरमाथे आणि संत्र्याची साल

कार्ल फ्रीडरिश गाउस १७७७ साली एका गरीब कामकरी घरात जन्मला. ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने त्याचा खर्च उचलला आणि १७९५ मध्ये तो ग्योटिंगनला शिकायला आला; निवड करताना तिथल्या ग्रंथालयाचा मोठा वाटा होता. १८०१ मध्ये सेरेस नावाचा नुकताच सापडलेला लघुग्रह सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला, तेव्हा थोड्याशा निरीक्षणांवरून गाउसने तो पुन्हा कुठे दिसेल ते गणिताने सांगितलं आणि तो तिथे सापडला. त्या प्रसिद्धीवर १८०७ मध्ये ग्योटिंगनने त्याला वेधशाळेचा प्रमुख म्हणून बोलावलं. तो १८५५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. शिकवायचा त्याला कंटाळा होता, आणि हे त्याने फारसं लपवलंही नाही.

त्याचं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे. १८२० च्या दशकात त्याच्यावर हानोफर राज्याच्या भूमापनाची जबाबदारी आली. उन्हाळ्यात डोंगरमाथ्यांवर चढायचं, एका शिखरावरून दुसऱ्या दोन शिखरांमधला कोन मोजायचा, पुढच्या शिखरावर जायचं. सगळा मुलूख त्रिकोणांनी झाकायचा. लांबचं शिखर नीट दिसत नाही म्हणून त्याने आरशाने ऊन परावर्तित करून दूरवर चकाकी पाठवणारं यंत्र बनवलं. होहर हागन, ब्रोकन आणि इन्झेल्सबर्ग या तीन शिखरांच्या त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू शंभर किलोमीटरच्या वर होती. जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेवर पुढे गाउस होता आणि मागे हेच त्रिकोणांचं जाळं.

एवढ्या मोठ्या गणितज्ञाला हे हमाली काम का दिलं, असं अनेकांनी हळहळून लिहिलंय. मला ती हळहळ पटत नाही. पृथ्वी वाकडी आहे आणि नकाशा सपाट, हा पेच रोज हाताळताना गाउससमोर एक प्रश्न उभा राहिला: पृष्ठभाग किती वळलेला आहे हे त्याच्या बाहेर न पडता, त्याच्यावरच चालून, मोजून कळेल का? उत्तर होय. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला गेलं तर ती फाटतेच. कारण तिचा गोलपणा तिच्यावरच्या अंतरांमध्येच मुरलेला असतो. कागदाची सुरळी मात्र न फाटता सपाट होते. ती नुसती दिसायला गोल. हा फरक गाउसने १८२७ मध्ये नेमक्या गणितात मांडला.

पुढची पायरी त्याच्या डोळ्यांदेखत चढली गेली. १८५४ च्या जूनमध्ये बेर्नहार्ड रीमान या लाजऱ्या, तब्येतीने तोळामासा तरुणाला शिकवण्याचा परवाना मिळवण्यासाठी व्याख्यान द्यायचं होतं. रिवाजाप्रमाणे त्याने तीन विषय दिले. परीक्षक बहुधा पहिला निवडत. सत्त्याहत्तर वर्षांच्या गाउसने तिसरा निवडला, भूमितीच्या पायाचा, ज्याची रीमानची तयारी सर्वांत कमी होती. रीमानने त्यात सांगितलं ते थोडक्यात असं: पृष्ठभागच काय, आपण ज्यात राहतो तो अवकाशसुद्धा वळलेला असू शकतो, आणि ते त्याच्या बाहेर न जाता मोजता येईल. साठेक वर्षांनी आइनस्टाइनला गुरुत्वाकर्षण मांडायला नेमकं हेच गणित लागलं. रीमान मात्र १८६६ मध्ये क्षयाने इटलीत वारला, वय ३९.

सात सह्या

मध्ये १८३७ राहिलं, आणि ते राहून चालणार नाही.

१८३१ मध्ये गाउसच्या शिफारशीने विल्हेल्म वेबर हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ ग्योटिंगनला आला. दोघांनी १८३३ मध्ये गावातल्या प्रयोगशाळेपासून वेधशाळेपर्यंत, घरांच्या छपरांवरून, चर्चच्या मनोऱ्याला बांधून, सुमारे किलोमीटरभर तार ओढली आणि विजेच्या इशाऱ्यांनी एकमेकांना निरोप पाठवू लागले. चुंबकत्वाच्या मोजमापांसाठी दोन ठिकाणची घड्याळं जुळवायची होती, त्यातून हे निघालं. धंदा करायचं दोघांच्याही मनात आलं नाही. ग्रिम बंधूही तोवर गावात आले होते, याकोब प्राध्यापक आणि ग्रंथपाल म्हणून, विल्हेल्म ग्रंथालयात आणि मग प्राध्यापक.

१८३७ मध्ये इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हानोफरच्या कायद्याप्रमाणे पुरुष वारस असताना स्त्रीला गादी मिळत नसे, म्हणून दोन राज्यांची जोडी तुटली आणि हानोफरला तिचा काका अर्न्स्ट ऑगस्ट आला. त्याने आल्या आल्या १८३३ ची राज्यघटना रद्द केली. ही घटना काही फार लोकशाहीवादी वगैरे नव्हती. पण सरकारी नोकर म्हणून प्राध्यापकांनी तिच्या पालनाची शपथ घेतलेली होती. इतिहासकार डालमानने निषेधाचा मसुदा लिहिला आणि १८ नोव्हेंबरला सात जणांनी सही केली: डालमान, याकोब आणि विल्हेल्म ग्रिम, वेबर, गेर्विनस, आल्ब्रेख्त आणि एवाल्ड. म्हणणं साधं होतं. आज राजा म्हणतो म्हणून शपथ गुंडाळून ठेवली, तर उद्या विद्यार्थ्यांसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या हाताने नकला काढल्या आणि काही दिवसांत ते जर्मनीभर पोचलं. राजाला खरा राग त्याचा होता. डिसेंबरमध्ये सातही जण बडतर्फ झाले. नकला पसरवल्याचा ठपका ठेवून डालमान, गेर्विनस आणि याकोब ग्रिम यांना तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम झाला. प्राध्यापक, नर्तकी आणि वेश्या पैसा टाकला की कुठेही मिळतात, असं राजा म्हणाल्याचं सांगतात. बोलावण्याच्या बाजाराचा त्याचा अंदाज अगदीच खोटा नव्हता, पण या सातांच्या बाबतीत तो चुकला. जर्मनीभर वर्गणी काढून लोकांनी त्यांना पगार पुरवला. ग्रिम बंधू बेकार झाले म्हणूनच प्रकाशकांनी त्यांना जर्मन भाषेच्या महाकोशाचं काम देऊ केलं. ते काम दोघांच्या हयातीत संपलं नाही. शेवटचा भाग १९६१ मध्ये निघाला.

आणि गाउस? सहीवाल्यांतला एवाल्ड त्याचा जावई, वेबर त्याचा सर्वांत जवळचा सहकारी. गाउसने सही केली नाही, जाहीरपणे काही बोललाही नाही. तो साठीचा होता, स्वभावाने राजनिष्ठ होता, घरात म्हातारी आई होती. चरित्रकार ही कारणं देतात आणि ती खरीही असतील. मुलगी-जावई ट्युबिंगनला गेले, वेबर काही वर्षांनी लाइपझिगला. वेबर आणि एवाल्ड पुढे परतले. एवाल्डची गंमत अशी की १८६६ मध्ये प्रशियाने हानोफर गिळंकृत केल्यावर त्याने प्रशियाच्या राजाची शपथ घ्यायलाही नकार दिला, आणि त्याला दुसऱ्यांदा काढलं गेलं. घटनेसाठी एकदा आणि ती मोडणाऱ्या घराण्यासाठी एकदा! माणूस तर्कटी असेल, पण शपथेच्या बाबतीत सरळ होता.

विद्यार्थ्यांच्या नावांवरून इथे झरकन पुढे जातो. हाइनेला १८२१ मध्ये द्वंद्वयुद्धाच्या भानगडीत सहा महिन्यांसाठी बाहेर काढलं. तो परत येऊन १८२५ मध्ये कायद्याचा डॉक्टर झाला आणि गाव सॉसेजसाठी आणि विद्यापीठासाठी प्रसिद्ध आहे, असं त्याच क्रमाने लिहून त्याने उट्टं काढलं. बिस्मार्क १८३२-३३ मध्ये इथे होता. दंगामस्तीपायी विद्यापीठाच्या कोठडीत बसला, आणि शेवटी गावाच्या तटावरच्या एका टीचभर घरात राहिला. ते घर अजून आहे.

पुण्याहून आलेला प्राध्यापक

मराठी वाचकाला या गावाशी जोडणारा माणूस म्हणजे फ्रांझ किलहॉर्न. जन्म १८४० चा, ओस्नाब्र्युकचा. १८६६ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि १८८१ पर्यंत राहिला. युरोपात संस्कृत शिकलेली मंडळी पाणिनीचं व्याकरण पोथ्यांवरून समजून घेत. किलहॉर्न पुण्यात अनंतशास्त्री पेंढरकरांसारख्या पारंपरिक वैयाकरणांपुढे बसला. नागोजीभट्टाच्या 'परिभाषेन्दुशेखरा'सारखा व्याकरणाचा ग्रंथ नुसता वाचून उलगडत नाही. कोणता शब्द कोणत्या शंकेचं उत्तर म्हणून आला आहे हे परंपरेत शिकलेला शास्त्रीच सांगू शकतो. त्या बैठकीतून किलहॉर्नची त्या ग्रंथाची आवृत्ती आणि भाषांतर झालं, आणि मग पतंजलीच्या 'महाभाष्या'ची तीन खंडांतली संपादित आवृत्ती, १८८० ते १८८५. ती आजही प्रमाण मानतात, पुढे का. वा. अभ्यंकरांनी ती तपासून भांडारकर संस्थेतर्फे पुन्हा काढली.

१८८२ पासून किलहॉर्न ग्योटिंगनला होता, १९०८ मध्ये मरेपर्यंत. तिथे बसून त्याने भारतातले ताम्रपट आणि शिलालेख वाचले, त्यांतल्या तिथी-वार-नक्षत्रांची गणितं मांडून कोणता शक नेमका कधी सुरू झाला ते पक्कं केलं. पुण्यातली त्याची जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आली, आणि १८८५ मध्ये ग्योटिंगन विद्यापीठाने भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपण ज्यांना डॉ. भांडारकर म्हणतो, त्यातला 'डॉ.' या गावचा.

क्लाइनचं दुकान

फेलिक्स क्लाइन हा विलक्षण गणिती. १८८२ च्या सुमारास, फ्रान्सच्या प्वांकारेशी चढाओढ करताना त्याची प्रकृती ढासळली आणि पहिल्या दर्जाचं नवं गणित करण्याची आपली ताकद गेली असं त्याला वाटू लागलं. १८८६ मध्ये तो ग्योटिंगनला आला आणि त्याने दुसरंच काम हाती घेतलं: चांगली माणसं गोळा करणं. बर्लिनच्या मंत्रालयातला आल्टहोफ हा अधिकारी त्याच्या मुठीत होता, किंवा तो आल्टहोफच्या. दोघांनाही तसंच वाटत असावं.

१८९५ मध्ये क्लाइनने डेव्हिड हिल्बर्टला आणवलं. १९०२ मध्ये हिल्बर्टला बर्लिनचं बोलावणं आलं. वर सांगितलेली घासाघीस इथे बघा. हिल्बर्टने पगारवाढ मागितली नाही. माझा गणिती मित्र मिन्कोव्स्की याच्यासाठी इथे नवी जागा निर्माण करा, मग मी राहतो, असं सांगितलं. जागा निर्माण झाली. त्यानंतर १९०४ मध्ये रुंग आणि विमानविद्येचा पाया घालणारा प्रांट्ल आले. क्लाइनने कारखानदारांना एकत्र करून उपयोजित विज्ञानासाठी त्यांचा पैसा विद्यापीठात आणला, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी नाकं मुरडली. त्याने एक वाचनकक्ष केला, जिथे गणिताची सगळी नियतकालिकं खुल्या कपाटात असत आणि कोणीही बसू शकत असे. हे आज क्षुल्लक वाटेल. तेव्हा नव्हतं.

पैशाची आणखी एक चमत्कारिक वाट होती. पाउल वोल्फस्केल या गणितवेड्या श्रीमंताने फेर्माचं शेवटचं प्रमेय, म्हणजे गणितातलं एक जुनं न सुटलेलं कोडं, सिद्ध करणाऱ्यासाठी एक लाख मार्क मागे ठेवले. १९०८ मध्ये ते बक्षीस ग्योटिंगनच्या विद्वत्सभेकडे आलं. प्रमेय काही सुटेना, मग व्याजातून बाहेरच्या मोठ्या माणसांना व्याख्यानांना बोलवायचं ठरलं. प्वांकारे आला. १९१५ च्या उन्हाळ्यात आइनस्टाइन येऊन आपला अर्धवट झालेला गुरुत्वाचा सिद्धांत समजावून गेला. १९२२ मध्ये नील्स बोर आला. प्रमेय सुटलं ते अँड्र्यू वाइल्सकडून, आणि १९९७ मध्ये ग्योटिंगनने त्याला बक्षीस दिलं. दोन महायुद्धं आणि महागाईतून जे उरलं होतं ते.

बोलावण्याच्या या कारखान्याचं दार बायकांसाठी किलकिलंच होतं. सोफिया कोवालेव्स्काया या रशियन गणितीला १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळाली ती गावात पाऊल न ठेवता. ग्रेस चिझम या इंग्रज मुलीने १८९५ मध्ये क्लाइनकडे रीतसर शिकून पदवी घेतली. एमी नोएथर १९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइनच्या निमंत्रणावरून आली, आइनस्टाइनच्या सिद्धांतातली एक अडचण सोडवायला. तिला व्याख्यातीचा परवाना द्यायला इतिहास-भाषावाल्या प्राध्यापकांनी विरोध केला. अहो, हे विद्यापीठ आहे, न्हाणीघर नव्हे, असं हिल्बर्ट सभेत म्हणाला अशी आख्यायिका आहे. त्याने तोडगा काढला: फलकावर व्याख्यान हिल्बर्टचं, शिकवणार नोएथर. परवाना १९१९ मध्ये मिळाला, प्राध्यापकाची पगारी खुर्ची कधीच नाही.

तिने १९१८ मध्ये जे सिद्ध केलं ते शाळेत शिकलेल्या नियमांशी जोडून सांगता येतं. ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण पाठ केलेलं असतं. का होत नाही? नोएथरचं उत्तर: कारण निसर्गाचे नियम आज आहेत तेच उद्याही आहेत. नियम इथे आणि तिथे सारखेच, म्हणून संवेग टिकतो. कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी सारखेच, म्हणून कोनीय संवेग टिकतो. जिथे जिथे असा सारखेपणा आहे तिथे तिथे काहीतरी अक्षय असतं. आजचं कणभौतिक या वाक्यावर चालतं.

१९२१ मध्ये माक्स बॉर्न आणि येम्स फ्रांक हे भौतिकशास्त्रज्ञ आले. १९२५ च्या जूनमध्ये बॉर्नचा मदतनीस वेर्नर हायझेनबर्ग पराग-तापाने हैराण होऊन हेल्गोलांड बेटावर गेला आणि अणूचं नवंच गणित घेऊन परतला. त्यात एक विचित्र गोष्ट होती: दोन राशींचा गुणाकार उलट क्रमाने केला की उत्तर बदलत होतं. हायझेनबर्गला ते खटकत होतं. बॉर्नला काही दिवस विचार केल्यावर आठवलं की हे आपण विद्यार्थी असताना शिकलोय, याला मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचं गणित, म्हणतात. पास्कुआल योर्डानला सोबत घेऊन त्याने ते बांधून काढलं. क्वांटम यांत्रिकीचा पहिला नीट आराखडा असा तयार झाला. तो क्रमाचा नियम ग्योटिंगनच्या दफनभूमीत बॉर्नच्या थडग्यावर कोरलेला आहे. हायझेनबर्गला १९३२ चं नोबेल मिळालं, बॉर्नला १९५४ पर्यंत थांबावं लागलं. ओपेनहायमरने १९२७ मध्ये डॉक्टरेट केली ती बॉर्नकडेच.

एक कायदा, काही आठवडे

१९२९ मध्ये अमेरिकेच्या रॉकफेलर पैशातून गणितासाठी नवी देखणी इमारत उभी राहिली. गणिती रिचर्ड कूरांट तिचा प्रमुख. चार वर्षांनी, ७ एप्रिल १९३३ रोजी, हिटलर सरकारने कायदा केला: ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा सरकारी नोकरांना काढायचं. प्राध्यापक सरकारी नोकरच होते. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती. त्या सुटीत फ्रांक बसत होता. सहकाऱ्यांना घालवून आपण खुर्चीवर बसायचं नाही म्हणून त्याने १७ एप्रिलला राजीनामा दिला आणि तो वर्तमानपत्रात येईल असं पाहिलं. १८३७ च्या सातांनंतर गावात असं कोणी केलं नव्हतं. आणि या वेळी गावाने काय केलं? विद्यापीठातल्या ४२ शिक्षकांनी फ्रांकच्याच विरोधात पत्रक काढलं, की याने परदेशी प्रचाराला खाद्य पुरवलं.

एप्रिलच्या शेवटी बॉर्न, कूरांट, नोएथर आणि आणखी काहींना सक्तीच्या रजेवर पाठवलं. कूरांट युद्धात जखमी झालेला सैनिक. सूट कागदावरच राहिली. ज्यू गणिती एडमुंड लांडाउचा वर्ग नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनीच अडवला. त्यांचा म्होरक्या ओस्वाल्ड टाइखम्यूलर हा स्वतः असामान्य गणिती होता. हे गिळायला जड जातं, पण बुद्धी आणि माणुसकी एकत्रच नांदतात असं ग्योटिंगनने कधीच सिद्ध केलं नाही. गणिती हेर्मान वाइलची बायको ज्यू होती; तो प्रिन्स्टनला गेला. कूरांट न्यूयॉर्कला, बॉर्न केंब्रिजला, फ्रांक अमेरिकेला, नोएथर ब्रिन मॉर कॉलेजात, आणि १९३५ मध्ये तिथेच वारली. बॉर्न मधल्या काळात सी. व्ही. रामनांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरलाही होता.

निवृत्त हिल्बर्ट मागे राहिला. नव्या शिक्षणमंत्र्याने जेवणाच्या टेबलावर त्याला विचारलं म्हणे, की ज्यू गेल्यामुळे गणिताचं फार काही बिघडलं नाही ना? हिल्बर्ट म्हणाला, बिघडलं? ग्योटिंगनमध्ये आता गणितच नाही. गोष्ट तोंडोतोंडी आलेली आहे. पण १९४३ मध्ये हिल्बर्टच्या अंत्ययात्रेला जेमतेम डझनभर माणसं होती, हे खरं आहे.

जवळजवळ दोनशे वर्षं वेचून जमवलेलं काही आठवड्यांत गेलं, याचं कारण त्याच रचनेत होतं. नेमणारं मंत्रालय एकच, म्हणून काढणारंही एकच. विद्वानांना खुर्ची राज्याने दिली होती; ती राज्याने काढून घेतली.

नंतर

बॉम्बहल्ल्यांतून ग्योटिंगन बरंचसं वाचलं, म्हणून १९४५ नंतर उरलेसुरले शास्त्रज्ञ तिथे जमले. घर जळालेला, मुलगा नाझींनी फाशी दिलेला म्हातारा भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक शेवटची दोन वर्षं तिथे राहिला. १९४८ मध्ये माक्स प्लांक सोसायटी ही संशोधन संस्था तिथेच स्थापन झाली, अध्यक्ष रसायनशास्त्रज्ञ ओटो हान. १९५३ मध्ये गावाला हजार वर्षं झाल्याच्या उत्सवात बॉर्न, फ्रांक आणि कूरांट या तिघांना मानद नागरिक करण्यात आलं. तिघांनी तो मान स्वीकारला. बॉर्न तर पेन्शनच्या हिशेबाने जर्मनीत राहायलाच परतला, आणि आइनस्टाइनला ते अजिबात आवडलं नाही.

१९५७ च्या एप्रिलमध्ये चॅन्सेलर आडेनाउअर म्हणाले की छोटी अण्वस्त्रं म्हणजे तोफखान्याचीच पुढची पायरी, आणि नव्या जर्मन सैन्याला ती हवीत. आठवडाभरात, १२ एप्रिलला, अठरा अणुशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की अण्वस्त्रं बनवण्यात, त्यांच्या चाचणीत किंवा वापरात आम्ही कोणत्याही प्रकारे भाग घेणार नाही. सह्या करणाऱ्यांत हान, हायझेनबर्ग, फोन लाउअ, वाइत्सझेकर होते. १९३३ मध्ये काढलेला बॉर्नही होता. त्या पत्रकाला 'ग्योटिंगनचे अठरा' हे नाव पडलं ते १८३७ च्या सातांवरून. आडेनाउअर चिडले, शास्त्रज्ञांनी आपल्या कामाशी काम ठेवावं असं त्यांनी सुनावलं, आणि पाच दिवसांनी त्यांच्यातल्या काहींना बॉनला चर्चेला बोलावलं. जर्मन सैन्याला स्वतःची अण्वस्त्रं मिळाली नाहीत. अठरांपैकी कोणाचीही नोकरी गेली नाही.